नाक्सोसला पोहोचायचं कसं: विमान, बोट आणि मधला वारा

सँटोरिनी आणि मिकोनोस यांच्या मधोमध असलेलं नाक्सोस हे ग्रीसच्या सायक्लेडीस बेटांपैकी सर्वांत मोठं बेट. बेटाचं मुख्य गाव आणि बंदर एकाच जागी आहे. नकाशात त्याचं नाव कुठे नाक्सोस टाउन, तर कुठे होरा असं दिसेल. आसपासच्या बऱ्याच बेटांच्या मुख्य गावांनाही होराच म्हणतात, त्यामुळे खोली घेताना गावाबरोबर बेटाचं नावही नीट वाचा.

मुंबईहून अथेन्स गाठणं सोपं आहे. डोकं लावावं लागतं ते पुढच्या साधारण १९० किलोमीटरसाठी, कारण एजियन समुद्रात छापील वेळापत्रकापेक्षा वाऱ्याचं जास्त चालतं. म्हणून बाकी काहीही ठरवण्याआधी परतीचा दिवस पक्का करा: भारताकडे येणाऱ्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम अथेन्समध्येच असला पाहिजे. सकाळी बेटावरून बोट पकडून संध्याकाळी अथेन्सहून मुंबईचं विमान, ही आखणी कागदावर छान दिसते आणि जोराचा वारा सुटला की पूर्ण कोसळते. एका रात्रीचं हॉटेल हे नव्या आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

व्हिसा आणि अथेन्सपर्यंतचा टप्पा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे ते ऑगस्टसाठी मात्र भेटीची वेळच लवकर मिळत नाही, तेव्हा तीन महिने आधी हालचाल सुरू करा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. सहलीत इटलीही असेल तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा; रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे.

व्हिसा हातात येईपर्यंत बोटीचं परत न करता येणारं तिकीट काढू नका. अर्जाला बोटीचं तिकीट जोडायचंच असेल, तर बदल करता येणारं घ्या.

मुंबईहून आखाती शहरांतून किंवा इस्तंबूलमार्गे आलात, तर इमिग्रेशन अथेन्सलाच होतं. फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिकमार्गे आलात तर ते तिथेच उरकतं आणि पुढचं विमान देशांतर्गत विमानासारखं असतं. मग मधला वेळ पहिल्या विमानतळावर जास्त ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी टप्प्याटप्प्याने आणलेल्या नव्या नोंदणी पद्धतीत पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो घेतात आणि रांग रेंगाळते.

विमानाने

नाक्सोसचा विमानतळ गावाच्या दक्षिणेला, जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आहे. धावपट्टी सुमारे ९०० मीटरची. एवढ्या तोकड्या पट्टीवर जेट उतरू शकत नाही, म्हणून इथे पंख्याची छोटी विमानंच येतात, पन्नासपेक्षा कमी आसनांची. ऑलिंपिक एअर आणि स्काय एक्सप्रेस अथेन्सहून उडतात आणि हवेतला वेळ चाळीस मिनिटांच्या आसपास असतो.

आसनं कमी, त्यामुळे जुलै-ऑगस्टची स्वस्त तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात. ऑलिंपिक एअर ही एजियन एअरलाइन्सच्या घरातली कंपनी आहे आणि एजियन स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. त्यामुळे मुंबई ते नाक्सोस असा शोध एकाच तिकिटावर घेऊन पाहा. नाक्सोसचं सांकेतिक नाव जेएनएक्स. एका तिकिटावरचा प्रवास थोडा महाग दिसला तरी आम्ही तोच घ्यायला सांगू. मुंबईचं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर तुम्हाला पुढे पोहोचवणं ही कंपनीची जबाबदारी असते, आणि सामानही सहसा थेट नाक्सोसपर्यंत टॅग होतं. मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या पट्टीवर जेएनएक्स लिहिलंय का, ते स्वतः वाचून घ्या. एटीएच दिसलं तर बॅग अथेन्सला उचलून पुन्हा द्यावी लागेल.

दोन वेगळी तिकिटं काढलीच, तर अथेन्सला किमान तीन तास हाताशी ठेवा. आणि सामानाचे नियम दोन्हीकडचे वाचा. मुंबईहून येताना दोन बॅगा चालल्या म्हणून बेटाच्या विमानात चालतील असं नाही. सर्वांत स्वस्त भाड्यात बॅग धरलेलीच नसते आणि केबिनमधली पिशवी ८ किलोंपर्यंतच. डोक्यावरचे कप्पे इतके लहान असतात की चाकाची केबिन बॅगही बऱ्याचदा विमानाच्या दारापाशी काढून घेऊन खाली पोटात टाकतात. औषधं, पासपोर्ट, चार्जर, पॉवर बँक हे सगळं आधीच खांद्याच्या छोट्या पिशवीत काढून ठेवा, म्हणजे शिडीखाली उभं राहून बॅग उचकावी लागणार नाही.

विमान घ्यायचं कधी? मुंबईहून दुपारी उतरून त्याच दिवशी बेट गाठायचं असेल तेव्हा, बरोबर वयस्कर माणसं असतील तेव्हा, किंवा बोट लागण्याचा जुना त्रास असेल तेव्हा. एरवी पहिल्यांदा जाणाऱ्याने बोटीनेच जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. वाटेतलं पारोस बेट मागे पडून नाक्सोसचे डोंगर समोर येतात तो तास विमानाच्या खिडकीतून मिळत नाही.

पिरेयस: इथेच लोक चुकतात

अथेन्सचं मोठं बंदर पिरेयस. विमानतळावरून तिथे जायचे दोन खरे मार्ग आहेत.

पहिला मेट्रोचा. ऑक्टोबर २०२२ पासून निळी तीन नंबरची मार्गिका विमानतळावरून थेट पिरेयसपर्यंत जाते. गाडी बदलावी लागत नाही. जवळपास तासभर लागतो, तिकीट ९ युरो. विमानतळावरून मेट्रो साधारण अर्ध्या-पाऊण तासाने एक असते, त्यामुळे एक हुकली तर तेवढा वेळ गेलाच. बॅगांसह चढणाऱ्या प्रवाशांवर या मार्गिकेवर पाकीटमार टपून असतात. पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात, पिशवी पोटावर. विशेषतः दारात गर्दी करून कुणी उगाच रेटारेटी करू लागलं, तर तेच चाललंय असं समजा.

दुसरा एक्स ९६ क्रमांकाच्या बसचा. ही चोवीस तास चालते, तिकीट साडेपाच युरो, वेळ तास ते दीड तास. बोट सकाळची असेल तर हीच कामाची. पिरेयसहून नाक्सोसला जाणारी मोठी बोट परंपरेने सकाळी साडेसातच्या सुमारास सुटते आणि विमानतळावरची पहिली मेट्रो धरून ती गाठणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. पहाटे उतरलात तर बस घ्या. रात्री उतरलात तर पिरेयसमध्येच झोपा आणि सकाळी चालत धक्क्यावर जा. टॅक्सीने जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: विमानतळाचं ठरावीक भाडं अथेन्सच्या मध्यवर्ती भागापुरतं असतं. पिरेयससाठी मीटर चालतो किंवा आधी ठरवून घ्यावं लागतं.

आता बंदर. पिरेयस म्हणजे एक धक्का नव्हे. ई १ पासून ई १२ पर्यंत दरवाजे आहेत आणि ते पाण्याभोवती लांबवर पसरलेले आहेत. क्रीटच्या, रोड्सच्या बोटी ई १ ते ई ३ च्या बाजूला लागतात. सायक्लेडीसच्या बोटी मुख्यतः ई ६ आणि ई ७ ला, काही ई ९ ला. मेट्रो स्टेशन नेमकं ई ६-ई ७ च्या समोर आहे, मधला रुंद रस्ता पादचारी पुलावरून ओलांडता येतो. ई १ कडे बंदराच्या आतून मोफत बस जाते, पण नाक्सोसला जाणाऱ्याला ती लागत नाही. चूक होते ती अशी: माणूस दुरून निळी-पांढरी बोट पाहतो आणि तिच्याकडे चालू लागतो. एकाच कंपनीच्या तीन-तीन बोटी एका सकाळी उभ्या असतात. तिकिटावरचा दरवाजा वाचा, मग बोटीच्या कुशीवर लिहिलेलं नाव वाचा, आणि रॅम्पवरच्या खलाशाला एकदा ‘नाक्सोस?’ असं विचारूनच चढा. तो होकार देईल किंवा हाताने दुसरीकडे दाखवेल. दोन्हीचा उपयोग आहे.

बोट सुटण्याआधी पाऊण तास दरवाज्यावर असावं, ऑगस्टमध्ये एक तास. ग्रीक बोटी वेळेवर सुटतात. रॅम्प वर उचलला की हात हलवून काही होत नाही.

कुठली बोट

पिरेयसहून दोन प्रकारच्या बोटी मिळतात. मोठ्या बोटी, म्हणजे ब्लू स्टारच्या: गाड्या, ट्रक आणि माणसं सगळं पोटात घेतात, पारोसला थांबून सव्वापाच तासांच्या आसपास नाक्सोसला पोहोचवतात. साधं तिकीट साधारण ५० युरोंच्या घरात. दुसऱ्या वेगवान बोटी, सीजेट्ससारख्या: साडेतीन-चार तास, पण भाडं दीडपट ते दुप्पट. वेगवान बोटींवर बहुतेक वेळा बंद खोलीत आपल्या क्रमांकाच्या खुर्चीतच बसून राहावं लागतं. समुद्र शांत असेल तर ठीक. लाटा उठल्या की हलकं दुहेरी तळाचं जहाज आपटत जातं आणि उलटीच्या पिशव्या वाटत फिरणारे कर्मचारी दिसू लागतात.

आमचा कौल सरळ मोठ्या बोटीला. वाचणारे दीड-दोन तास त्या पैशांच्या मोलाचे नाहीत, आणि मोठी बोट वाऱ्यातही जास्त काळ चालते.

तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा फेरीहॉपरसारख्या बोटीची तिकिटं विकणाऱ्या साइटवरून काढता येतं. नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, आडनावासह, आणि पासपोर्ट जवळ ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला भाडं नाही, तरी त्याचं शून्य रकमेचं तिकीट घ्यावंच लागतं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. साध्या तिकिटावर आसन राखीव नसतं. थोडे युरो जास्त देऊन क्रमांकाची खुर्ची मिळते, ती जुलै-ऑगस्टमध्ये जरूर घ्या, नाहीतर जिन्याच्या पायरीवर बसलेली कुटुंबं दिसतात. १५ ऑगस्ट हा ग्रीसमधला मरियम मातेचा मोठा सण. त्याच्या आगेमागे आठवडाभर आणि ग्रीक ईस्टरला सगळा देश बेटांकडे निघतो. त्या दिवसांची तिकिटं दोन-तीन महिने आधीच घेतलेली बरी. बाकी वर्षभर आठवडाभर आधीही जागा मिळते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये वेगवान बोटी बंद असतात, मोठ्या मात्र चालू राहतात.

बोटीवर

रॅम्पवरून आत शिरलं की आधी गाड्यांचा मजला लागतो. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोने गेलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. ती बोटही २०१९ साली ग्रीसमध्येच बांधलेली आहे. या मजल्याच्या कडेला सामानाच्या मांडण्या असतात आणि त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात: पारोस, नाक्सोस, सँटोरिनी. मोठी बॅग नाक्सोसच्याच मांडणीत ठेवा. चुकून पारोसच्या मांडणीत ठेवली, तर पारोसला उतरणाऱ्यांच्या धांदलीत ती कुणी ओढून बाहेर काढू शकतं. मौल्यवान काही त्यात ठेवू नका, कारण प्रवासभर वरून ती बॅग दिसत नाही. मांडणीचा आणि जिन्याचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपून घ्या. पाच तासांनी सगळे जिने सारखेच दिसतात.

वर उपाहारगृह असतं. शाकाहारी माणसाला तिरोपिता, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, आणि पालकाची स्पानाकोपिता हमखास मिळते. दूध-अंड्यांचंही वर्ज्य असेल तर घरचा खाऊ न्या, कुणी अडवत नाही. बोट लागत असेल तर एव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग नसतो. जागा बोटीच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर धरा, कारण टोकाला आणि वर झोका जास्त बसतो. मोबाइल बाजूला ठेवून क्षितिजाकडे पाहा. डेकवर बसणार असाल तर टोपी बांधायची दोरी हवी, आणि मे महिन्यातही एक जाकीट हवंच.

पारोस येतं तेव्हा घोषणा होते, अर्धी बोट उठते आणि नवखा माणूस त्यांच्याबरोबर उतरतो. तसं करू नका. नाक्सोस त्यानंतर तासाभराने येतं. नाक्सोसची घोषणा झाली की मात्र लगेच खाली जा, कारण बोट धक्क्याला काही मिनिटंच थांबते. गाड्यांच्या मजल्यावर सगळे उतारू बॅगा धरून, डिझेलच्या वासात, बंद रॅम्पसमोर दाटीने उभे असतात. बोट जागेवर वळून पाठ धक्क्याकडे करते, साखळ्या खडखडतात, रॅम्प खाली येतो आणि एकदम झगझगीत उजेड आत शिरतो. त्या क्षणी घाई करू नका. रॅम्प ओला आणि घसरडा असतो, अजून थोडा हलतही असतो. गाड्याही त्याच वाटेने शेजारून निघतात. मुलांचा हात धरा.

बंदरात शिरताना डाव्या हाताला छोट्या टेकडीवर एकटीच उभी असलेली संगमरवरी चौकट दिसेल, ती पोर्तारा. इसवी सन पूर्व सहाव्या शतकात सुरू झालेल्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या मंदिराचा हा दरवाजा. ती पाहायला खाली जाण्याआधी दोन मिनिटं डेकवर थांबलात तरी चालेल, त्याहून जास्त नको.

वारा, बंदी आणि संप

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. फसवणारी गोष्ट ही की आकाश निरभ्र असतं. आपल्याकडे वादळ म्हटलं की ढग आणि पाऊस डोळ्यांसमोर येतो. इथे लख्ख उन्हात समुद्र पांढरा होतो. म्हणून हवामानाच्या ॲपमध्ये सूर्याचं चित्र पाहून निश्चिंत होऊ नका, वाऱ्याचा आकडा पाहा, तोही बोफोर्ट मापात. ५ पर्यंत काळजी नाही. ६ म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर: वेगवान बोटीत त्रास होणार. ७ ला वेगवान आणि लहान बोटी रद्द होऊ लागतात. ८, म्हणजे ताशी ६२ च्या वर गेला, की मोठ्या बोटींवरही बंदी येऊ शकते. नेमकी मर्यादा बोटीच्या प्रकारावर आणि मार्गावर ठरते आणि निर्णय तटरक्षक दलाचा असतो, कंपनीचा नाही. त्यामुळे काउंटरवर वाद घालून काही मिळत नाही.

बंदी आली तर पुढच्या बोटीवर जागा किंवा पूर्ण पैसे परत, हा तुमचा हक्क आहे. पण युरोपीय नियमांत उशिरासाठीची नुकसानभरपाई खराब हवामानाला लागू नाही, आणि त्या रात्रीच्या हॉटेलचा खर्चही कंपनीवर येत नाही. बंदीचा संदेश मोबाइलवर येतो, म्हणून तिकीट काढताना चालू राहणारा क्रमांक द्या. ग्रीसमध्ये सिम बदलणार असाल तर ईमेल तपासत राहा. संदेश आला की पहिलं काम तिकीट बदलण्याचं, दुसरं राहण्याच्या जागेला कळवण्याचं. बंदी उठल्यावरच्या पहिल्या बोटीत जागा मिळवायला सगळेच धावतात. त्याच दिवशी विमान चालू असण्याची शक्यता बरीच असते, पण रिकामी आसनं तासाभरात संपतात.

संप हा दुसरा अडथळा. खलाशांच्या संघटनेचा संप सहसा २४ तासांचा असतो आणि काही दिवस आधी जाहीर होतो. १ मे या कामगार दिनी बोटी बंद असतील असंच धरून चाला.

दुसऱ्या वाटा

राफिना हे अथेन्सचं दुसरं, लहान बंदर विमानतळापासून पिरेयसपेक्षा खूप जवळ आहे. विमानतळावरूनच केटेल या ग्रीक बससेवेची बस अर्ध्या-पाऊण तासात नेते. उन्हाळ्यात तिथून वेगवान बोटी तिनोस, मिकोनोस करत नाक्सोसला येतात. विमान सकाळी उतरत असेल आणि दुपारची बोट मिळत असेल तर ही सोय उत्तम.

लंडन, जर्मनीत राहणाऱ्यांना उन्हाळ्यात सँटोरिनी किंवा मिकोनोसचं थेट विमान मिळतं, आणि तिथून नाक्सोस बोटीने तास-दोन तासांवर आहे. सँटोरिनीचं बंदर अथिनिओस उंच कड्याच्या पायथ्याशी आहे आणि खाली उतरणारा रस्ता नागमोडी. वर गाड्यांची रांग लागते. सूर्यास्त पाहून रात्रीची बोट धरणाऱ्यांची इथेच दमछाक होते. सँटोरिनीचं मुख्य गाव ‘फिरा’, तिथून बोटीच्या दीड तास आधी निघा.

उतरल्यावर

धक्क्याच्या टोकालाच केटेलचा बसथांबा आहे. आयिओस प्रोकोपिओस, आयिया आन्ना, प्लाका या किनाऱ्यांकडे इथूनच बस जाते. तिकीट बसमध्ये चढण्याआधी, यंत्रावर किंवा कार्यालयात घ्यायचं. बरेच घरमालक पाहुण्यांना न्यायला नावाची पाटी घेऊन धक्क्यावर येतात, काही फुकट. बोटीचं नाव आणि वेळ आदल्या दिवशी त्यांना कळवा. विमानतळावरून मात्र टॅक्सी किंवा मालकाची गाडी आधीच सांगून ठेवलेली बरी, टॅक्सी मोजक्याच असतात.

खोली जुन्या गावात, कास्त्रो किल्ल्याच्या बाजूला असेल, तर गाडी दारापर्यंत जात नाही. गल्ल्या अरुंद, पायऱ्यांच्या आणि दगडी आहेत, चाकाची मोठी बॅग तिथे उचलूनच न्यावी लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आयिओस योर्गिओसच्या किनाऱ्याजवळ सपाटीवर खोली घ्यावी. बंदरापासून ती चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

परतीच्या आदल्या संध्याकाळी बंदरासमोरच्या तिकीट कार्यालयात जाऊन बोट वेळेवर आहे ना, हे विचारून या. वारा वाढणार असेल तर तिथल्या माणसाला तो ॲपच्या आधी माहीत असतो, आणि सकाळच्या बोटीऐवजी आज रात्रीच्याच बोटीवर तिकीट बदलून द्यायलाही तोच उपयोगी पडतो.